फणसापासून साकवापर्यंत

वहिनीनं नाचणीच्या सत्त्वाचा चमचा कुंदाच्या ओठांना लावला. कुंदानं तो आत घेतला, जरा विचार केला आणि फुर्र करून सगळा वहिनीच्या चेहऱ्यावर उडवला.

"घेवा," पदरानं गाल पुसत वहिनी म्हणाली. "आजचो प्रसाद."

ओटीवर तिच्यापुढे वाट्या मांडलेल्या होत्या. एकीत मऊ भात आणि तूप, एकीत कुस्करलेलं केळं, एकीत उकडलेलं रताळं. वहिनी रोज काहीतरी नवीन करायची आणि कुंदा रोज ते थुंकायची. दूध तेवढं प्यायची. वर्षाची होत आली होती, पण वजन वाढत नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं होतं की नुसत्या दुधावर आता भागायचं नाही. वाडीतली प्रत्येक बाई येऊन एकेक उपाय सांगून जायची आणि वहिनी तो प्रत्येक उपाय करून बघायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. माझी बायको वैजयंती काविळीनं गेली तेव्हा कुंदा पाच महिन्यांची होती. त्या दिवसापासून कुंदाचं सगळं वहिनीनं केलं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्यात वहिनीचा दोष नाही.

तेवढ्यात दादा गिरणीतून आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भाताची गिरण आमच्या घराला लागून, अगदी सडकेवर होती आणि आम्ही दोघं मिळून ती चालवायचो. घर माळकरी. बाबांनी आम्हा दोघांच्याही गळ्यात आम्ही रांगत होतो तेव्हाच तुळशीची माळ घातलेली. मासे सोडा, घरात कधी अंडं आलं नव्हतं. दादा वाडीच्या भजनाचा बुवा होता. आवाज चांगला होता त्याचा, आणि त्याला ते माहीत होतं.

त्यानं अंगावरचा कोंडा झटकला, खिशातून एक इवलीशी माळ काढली आणि वाट्यांच्या शेजारी ठेवली.

"परवा एकादशीक कुंदाक घालूया. मणी बारीक घेतलंय, टोचूचे नाय."

"ती अजून वरसाची पण नाय झाली," मी म्हटलं.

"आपल्याक बाबांनी घातली तेव्हा आपण केवढे होतो?"

"तिका दात चारच इलेत."

"माळ काय दातांनी घालतत?"

वहिनी हसली. मलाही हसू आलं असतं, पण मी त्या माळेकडे बघत होतो. आमच्या घरात एकदा माळ पडली की ती उतरत नाही. आणि माळ पडलेलं माणूस ज्या घरात मासे शिजतात तिथलं जेवत नाही. आमच्याकडे तर पाणीसुद्धा पीत नसत.

"मगे तिच्या आजीकडे ती जेवतली कशी?" मी विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "कोणची आजी?"

वहिनीचा चमचा वाटीतच थांबला.

"सहदेव, ऐक," दादा खाली बसला. आवाज मऊ केला. "वैजयंतीन आपलो नेम पाळल्यान. मी तिका कधी नाव ठेवूक नाय. पण ती गेली, आता तो धागो तुटलो. चेडवाक कित्याक कळाक होया, की तुझी आवस मासे इकणाऱ्यांची? आणि तू काय जन्मभर असोच रवतलंस? दुसरी बायको करतलंस. तेव्हा कुंदा आमच्याकडे असलेली बरी. हिचाव मन रमता."

वहिनी मान खाली घालून केळं कुस्करत राहिली. ते आधीच पुरतं कुस्करलेलं होतं.

दादा वाईट माणूस नव्हता. त्याच्या हिशेबात तो माझं भलंच करत होता. पण कुंदाच्या उष्टावणाला मामा म्हणून त्यानं वहिनीच्या भावाला बसवलं होतं, तेव्हा मी गप्प राहिलो होतो. वैजूला जाऊन तेव्हा महिनाच झाला होता आणि मला काही सुचत नव्हतं. वैजूचा सख्खा भाऊ खाली बंदरावर जाळं शिवत बसला होता आणि इथे दुसराच मामा खीर भरवत होता. कुंदानं ती खीर त्याच्या मिशांवर थुंकली. त्या दिवसांत मला एवढंच एक बरं वाटलं होतं.

मी उठून गिरणीत गेलो.

थोड्या वेळानं सडकेवरून हाळी ऐकू आली. "बांगडेऽऽ! मुडदुशेऽऽ! घेतंत काय गोऽऽ!"

मी नेहमीप्रमाणे इंजिन बंद केलं.

ती मामी होती, म्हणजे माझी सासू. खालच्या वाडीत मासेमारी करणाऱ्या गाबितांची घरं, तिथून ती डोक्यावर माशांची पाटी घेऊन रोज वर यायची आणि सडकेनं पुढच्या गावाला जायची. आमच्या घराच्या अलीकडे एक मोठा फणस होता. फणसापाशी आली की तिची हाळी थांबायची. आमचं घर, गिरण, आमचं आगर, सगळं ती गप्प राहून ओलांडायची आणि पलीकडच्या ओढ्यावरच्या साकवावर पाय पडला की पुन्हा ओरडायला लागायची. लोक म्हणायचे, म्हातारी माळकऱ्यांच्या घराचा मान राखते. दादाही चार माणसांत हे अभिमानानं सांगायचा.

"इंजिन कित्याक बंद केलंस?" तो आतून ओरडला. "रोज ह्याच येळाक?"

"पट्टो घसरता," मी म्हटलं.

मामी समोरून गेली. गिरणीकडे तिनं पाहिलं नाही. माझ्याशी ती बोलत नसे. लग्नात आमच्या मांडवात तिच्या माणसांची पंगत वेगळी, पडवीत बसवली होती. ती त्या पानावरून उठली ती परत आमच्या अंगणात आली नाही. वैजू गेली तेव्हासुद्धा आमच्या दगडी गडग्याच्या बाहेर उभी राहिली, तिथूनच हात जोडले आणि गेली.

साकवावरून पुन्हा हाळी आली. मी इंजिन सुरू केलं. आणि ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंदाला कडेवर घेतलं आणि खालच्या वाडीत उतरलो. आडवाटेनं गेलो नाही, सरळ सडकेनं गेलो. देवळासमोर दादाच्या भजनातली मंडळी बसली होती. एकानं विचारलं, "खंय चललंस चेडवाक घेवन?"

"आजीकडे," मी मोठ्यानं म्हटलं.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. मामी आपल्या घरापुढे, माडाच्या झापांच्या सावलीत बसून मासे निवडत होती. मला बघून शेजारीण ओरडली, "गो म्हातारे, बघ कोण इलो! आज सूर्य खंयसून उगावलो?"

मामीनं मान वर केली नाही. "काय जावयबापू, वाट चुकलात?"

"नाय, मामी. कुंदाक घेवन इलंय."

"दिसता माका. डोळे शाबूत आसत." पण हात पुढे केला नाही. "भावाक इचारून हाडलात?"

"नाय."

"मगे चोरून?"

"सडकेवरसून चलत इलंय. देवळाकडे सांगान इलंय."

आता तिनं मान वर केली. "आणि काय होया?"

"तिका मासो भरवूचो आसा."

शेजारीण हसायची थांबली. मामीच्या हातात एक बांगडा होता, तो तिनं सावकाश पाटीत ठेवला.

"कित्याक?"

"उद्या एकादशीक दादा तिका माळ घालतलो. मगे तिका तुमच्याकडचा पाणीसुद्धा चलाचा नाय."

"बरांच झाला मगे," मामी म्हणाली. "तुमका वासाचो त्रास नाय आणि माका चेडवाचो. नेवा तिका घराक."

मी हललो नाही. उन्हात तसाच उभा राहिलो. परत जायचं नाही एवढं मला कळत होतं. कुंदाच काय ते बोलली. कडेवरून ती पाटीकडे एवढी झेपावली की माझ्या हातून निसटलीच असती. मी तिला खाली ठेवलं. ती रांगत पाटीशी गेली, पाटीच्या काठाला धरून उभी राहिली आणि माशांवर दोन्ही हात आपटले. मग हात तोंडावर फिरवला. गालाला एक चकचकीत खवला चिकटला.

"गो, गो, काटो लागात!" मामी म्हणाली आणि इतका वेळ न पुढे केलेला हात पुढे करून तिनं नातीला उचललं.

कुंदानं तिच्या नाकातली मुरणी धरली, तीही तिनं धरू दिली. "वजन नाय हिका," शेवटी म्हणाली. "काय खाता काय?"

"काय एक नाय खात. सगळा थुकता."

"आवस पण तशीच होती. भात दिसलो की बोंब." ती उठली. "बसा थंय."

तिनं पाटीतून मुडदुशे काढले. बोटाएवढे लांबट, पांढरे मासे. "बाळंतणीक, दुखणायताक आणि पोरांक ह्योच मासो. हलको." चुलीवर थोड्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि हळद टाकून तिनं ते शिजवले. तिखट नाही, खोबरं नाही. मी उंबऱ्यात बसून बघत होतो. मासा शिजताना जवळून पाहण्याची माझी पहिलीच वेळ. त्याला इतका कमी वेळ लागतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

मामीनं ताटलीत एक मासा घेतला, मधला काटा उचलून काढला आणि मऊ भातात बोटांनी कुस्करून त्याचा घास केला. बोटं पुन्हा पुन्हा फिरवली. मग ताटली माझ्यापुढे सारली.

"भरवा."

मी घास उचलून कुंदाच्या तोंडाकडे नेला. मामीनं माझं मनगट धरलं.

"असो नाय. आधी तुमच्या तोंडात."

"माझ्या?"

"बोटाक गावना नाय तो काटो जिभेक गावता. आधी आपल्या तोंडात घास फिरवूचो, काटो नाय ह्याची खात्री करूची आणि मगे पोराक देवचो. माका माझ्या आवशीन असाच भरवल्यान. वैजूक मी असाच भरवलंय."

"मगे तुम्हीच भरवा ना, मामी."

"मी?" तिनं मनगट सोडलं. "मी भरवलंय की उद्या सगळो गाव म्हणतलो, म्हातारेन चेडवाक चोरून बाटवल्यान. नको माका. तुका होया आसा, तर तू भरव. नाय जमत, तर घराक जा आणि घाल माळ. मी रागावूचंय नाय."

पहिल्यांदाच ती मला अरे-तुरे बोलली.

मी गळ्याला हात लावला. माळ होती. ती नव्हती अशी एकही आठवण मला नव्हती. मणी दोनदा बदलले, दोरा किती वेळा बदलला, पण गळा एक दिवस रिकामा नव्हता. मी ती डोक्यातून काढली आणि भिंतीवरच्या खुंटीकडे हात नेला.

"थंय नको!" मामी ओरडली. "सुक्या बांगड्यांची टोपली आसा खाली. देवाकडे ठेव." कोपऱ्यात फळीवर तिचे देव होते. तिनं माळेला हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. मी माळ फळीवर ठेवली.

"घाबरतंस?" तिनं विचारलं.

"नाय."

"घाबरान काय नको. तुझो भाव काय गाता ता माका रस्त्यावरसून ऐकाक येता. धा अवतार. त्यातलो पयलो कोणचो रे?"

मी घास तोंडात घातला.

मला वाटलं होतं ओकारी येईल. लहानपणापासून ऐकलं होतं, त्या वासानंच माणूस भ्रष्ट होतो. तसलं काहीच झालं नाही. मिठाची चव आली आणि काहीतरी मऊ जिभेवर विरघळायला लागलं. नीट शिजलेल्या भाताहून वेगळं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. तोंडात तो घास धरून मी बसलो आणि मला एकदम राग आला. असा राग मला आयुष्यात पूर्वी आला नव्हता. एवढंच? एवढंच होतं हे? या एवढ्यासाठी या बाईचं पान पडवीत मांडलं? या एवढ्यासाठी ती मेलेल्या मुलीला गडग्याबाहेरून हात जोडून गेली?

मग जिभेला टोचलं. केसाएवढा बारीक काटा. मी तो बोटानं काढून मामीला दाखवला.

"गावलो?" ती म्हणाली. "बघ. माझ्या बोटांतसून सुटलो होतो."

उरलेला घास मी कुंदाच्या ओठांना लावला. तिनं तो आत घेतला आणि विचार करायला लागली. आम्ही तिघं, शेजारीणसुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिनं भुवया वर केल्या. जीभ बाहेर काढली, ओठ चाटले, आणि तोंड उघडलं.

"होया तिका!" शेजारीण ओरडली. "अजून होया!"

दुसरा घास मी तोंडात फिरवून पुन्हा दिला. मग तिसरा. कुंदा थुंकली नाही. माझ्या गुडघ्यावर थापा मारत ती पुढचा घास मागत होती. मामी चुलीकडे तोंड करून बसली होती. चुलीवर आता काही नव्हतं, तरी ती फुंकर मारत होती.

"सहदेव, भायर ये."

दादा मामीच्या गडग्यापाशी उभा होता. देवळाकडून बातमी पोचली असणार. घाईनं आला होता, टोपीसुद्धा नव्हती डोक्यावर. गडग्याच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही.

"घास संपांदे," मी म्हटलं.

"तुझी माळ खंय?"

"देवाकडे ठेवलंय."

"कोणच्या देवाकडे?"

"आसा एक हंय पण," मामी चुलीकडे बघतच म्हणाली. "तोव काळोच आसा."

दादाचा चेहरा लाल झाला, पण तिच्याशी तो बोलला नाही. माझ्याशीच बोलला. "चेडवाच्या गालाक काय लागलाहा? पूस ता. उठ. घरी चल. अंघोळ कर, उद्या माळ घाल. तिकाव घालूया. आजचा मी इसरतंय. कोणाक काय बोलूचंय नाय."

तो मनापासून म्हणत होता. मी कुंदाला कडेवर घेतलं आणि गडग्यापाशी गेलो. हात माशांचे होते, ते मी पुसले नाहीत.

"नाय," मी म्हटलं.

"काय नाय?"

"माळ घालूचंय नाय. मी पण नाय आणि ती पण नाय. मोठी झाली की तिका होई तर ती घालतली."

"ह्या खावन तू माझ्या घरात येतलंस?"

"घर बाबांचा आसा. अर्धा माझा."

"मगे चूल येगळी."

"येगळी तर येगळी."

"आणि गिरण?"

"गिरण चलतली. लोकांक तांदूळ होये आसत, ते काय तुझ्यामाझ्या भांडणार जेवतले?"

दादानं मागे वळून सडकेकडे पाहिलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "एका मेल्या बायलेसाठी तू ह्या सगळा करतंस?"

कुणी मागून धक्का द्यावा तसं मला झालं. पण आवाज चढला नाही. "तू काल इचारलंस, कोणची आजी," मी म्हटलं आणि तोच माशाचा हात मामीकडे केला. "ही. बघून ठेव."

तो गेला. वळणावर एकदा थांबला, मला वाटलं परत येतो. पण आला नाही.

निघताना मामी म्हणाली, "माळ ने तुझी."

"रवांदे थंय."

घरी पोचलो तेव्हा दादा माजघरात दार लावून बसला होता. वहिनी मागच्या पडवीत होती. तिनं तीन दगडांची चूल मांडली होती आणि शेजारी एक टोप, पातेली, पळी असं काढून ठेवलं होतं. तिचे डोळे सुजले होते.

"त्यांनी सांगल्यानी, भितरल्या चुलीर तुमचा चलाचा नाय," ती म्हणाली.

"बरां, वहिनी."

मी वळणार, तेवढ्यात तिनं विचारलं, "भावोजी, ती खाल्ल्यान?"

"हो."

"थुकली नाय?"

"नाय. मागून मागून खाल्ल्यान."

वहिनी मटकन खालीच बसली. तोंडावर पदर धरला. हसते की रडते ते मला कळेना, बहुधा दोन्ही. "मेली," ती म्हणाली, "माझ्या तोंडार सगळा थुकल्यान आणि आता खाता." मग तिनं हात पसरले आणि कुंदा तिच्याकडे गेली. वहिनीनं तिच्या गालावरचा खवला नखानं काढला, बोटावर घेऊन उन्हात बघितला आणि पुसून टाकला. त्यानंतर कुंदाला ती रोज घ्यायची, दादा असो नसो. भरवायचं मात्र माझ्याकडे आलं.

दादाची आणि माझी चूल शेवटपर्यंत वेगळी राहिली, गिरण एकच. मी दुसरं लग्न केलं नाही. माळ मी पुन्हा घातली नाही. देवाशी माझं काही भांडण नव्हतं. माळ मामीच्या फळीवर होती, तिथे तिला रोज फूल मिळायचं. कुंदाच्या लग्नात मामीला मांडवातल्या पहिल्या पंगतीत कुणी बसवलं, दादानं की मी, यावरून वाडीत अजून वाद होतो. मी बसवलं. दादा वाढायला होता.

पण मला सांगायचं आहे ते त्या एकादशीच्या सकाळचं.

त्या दिवशी गिरण बंद होती. दादा अंगणात तुळशीपाशी उभा होता, पाठ माझ्याकडे. मी कुंदाला घेऊन गडग्यावर बसलो होतो, जिथे वैजू उभी राहायची.

वैजूनं लग्नानंतर दादाचा नेम पाळला, मासे सोडले. पण दादा म्हणाला होता की आता बंदरावर जाणं-येणं बरं नव्हे, तेव्हा तिनं मला एकट्याला गाठून सांगितलं होतं, "मासे सोडलंय. आवशीक सोडूक नाय." रोज सकाळी भांडी घासायला ती या गडग्याशी यायची. मामी फणसापाशी गप्प व्हायची. सगळा गाव म्हणायचा, मान राखते. वैजूनं मला खरं सांगितलं होतं. "ओरडत चलला की माणूस फुडे बघता. आये गप झाली की समजूचा, ती माका बघता." फणसापासून साकवापर्यंत दोघी एकमेकींना बघायच्या. बोलायच्या नाहीत. साकवावर पाय पडला की हाळी, आणि वैजू भांडी उचलून आत. शेवटच्या दिवसांत तिला उभं राहवत नव्हतं तेव्हा मी तिला उचलून इथे आणून बसवायचो.

ती गेल्यानंतरही मामी रोज तेवढ्या वाटेवर गप्प राहायची. म्हणून मी इंजिन बंद करायचो. त्या आवाजात तिला गप्प राहायला लागू नये, एवढंच मला करता येत होतं.

फणसाकडून हाळी आली. "बांगडेऽऽ! मुडदुशेऽऽ!" आणि फणसापाशी थांबली, नेहमीसारखी.

मी वाट बघत होतो. दादाही बघत असावा, कारण तुळशीला घातलेलं पाणी कट्ट्यावरून खाली वाहत होतं आणि तो तांब्या ओततच होता.

मामी वळणावरून आली. पाटी डोक्यावर, चाल तशीच. गडग्याच्या समोर आली आणि उभी राहिली. वैजू गेली तो एक दिवस सोडला, तर इतक्या वर्षांत ती तिथे कधी उभी राहिली नव्हती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दादाच्या पाठीकडे. मग पाटीला हात लावला, छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"कुंदा गोऽऽ! खंय आसस? आजी इलीऽऽ!"

कुंदानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.